समुद्राला मिळणाऱ्या पाण्याचा हिशेब

बडोद्याहून जंबुसरमार्गे कावी-कंबोईला जाणारी माणसं भरती-ओहोटीची वेळ पाहून निघतात. तिथलं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ भरतीला पाण्याखाली जातं आणि ओहोटीला पुन्हा उघडं पडतं. दर्शन झालं की बहुतेक जण परत फिरतात. पण आपली मही नदी तिथेच संपते, आणि त्या गढूळ पाण्यात गोड्याखाऱ्याची जी ओढाताण रोज चालते, तिच्यावर या सगळ्या पट्ट्यातली शेती, मासळी आणि विहिरी अवलंबून आहेत.

खंभातचं आखात नरसाळ्यासारखं आहे. दीव ते दमण या तोंडाशी ते सुमारे दोनशे किलोमीटर रुंद, आणि उत्तरेकडे निमुळतं व उथळ होत जातं. आत शिरणाऱ्या भरतीला बाजूला पसरायला जागा उरत नाही, म्हणून पाणी वर चढतं. मुंबईत मोठ्या भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास असतो. भावनगरच्या बाजूला तो दहा मीटरच्या पुढे जातो. एवढं पाणी रोज दोनदा आत-बाहेर करत असल्यामुळे नदीने आणलेला गाळ एका जागी ठरत नाही. गोदावरी-कृष्णेच्या मुखाशी जसा पसरट त्रिभुज प्रदेश तयार झाला, तसा मही, ढाढर किंवा नर्मदेच्या मुखाशी झाला नाही. इथे आहेत रुंद खाड्या, मैलोन्‌मैल चिखलाची मैदानं आणि आलियाबेटासारखी गाळाची बेटं.

या भरतीचा दरारा फार जुना आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने भरुच बंदराचं वर्णन लिहून ठेवलंय. खाडीत शिरणं इतकं धोक्याचं होतं, की राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी बाहेर समुद्रात जाऊन परदेशी गलबतांना वाट दाखवत आत आणत. नर्मदा परिक्रमा केलेलं कुणी ना कुणी मराठी घरांत असतंच. नर्मदेच्या मुखाशी विमलेश्वरहून पलीकडच्या मिठी तलाईला नेणारी होडी आजही भरतीच्या वेळेवरच सुटते, हे त्यांना विचारलं तर सांगतील.

आता मुख्य गोष्ट. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, नदीच्या पाण्यात त्यापुढे नगण्य. खंभातसारख्या जोरकस भरतीच्या खाडीत ही दोन पाणी थर करून राहत नाहीत, ढवळून एकत्र होतात. त्यामुळे खारेपणाची रेघ नसते, पट्टा असतो. भरतीला तो वर सरकतो, ओहोटीला खाली. महिनाभराची सरासरी काढली तर तो कुठे स्थिरावेल हे मात्र नदी किती रेट्याने खाली येते यावर ठरतं. पावसाळ्यात नदी त्याला समुद्राकडे ढकलते. उन्हाळ्यात तिचा जोर संपला की पट्टा वर चढतो, आणि धरणांमुळे तो जोर फार लवकर संपू लागला आहे.

जमिनीखाली हाच खेळ अधिक नाजूक आहे. खारं पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं, म्हणून किनाऱ्याजवळ भूजलात गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत राहतं. गायबेन आणि हर्झबर्ग या दोन संशोधकांच्या नावाने ओळखला जाणारा साधा हिशेब असा: समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटर गोडं पाणी टिकतं. उलट, पंप लावून पातळी एक मीटर उतरवली, तर खालची खारी सीमा कालांतराने चाळीस मीटर वर येऊ शकते. प्रत्यक्ष जमिनीत मातीचे थर हा आकडा बदलतात, तरी दिशा तीच. वर एका मीटरची उधळपट्टी आणि खाली चाळीस मीटरची किंमत, हे प्रमाण किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहावं असं मला मनापासून वाटतं.

नर्मदेच्या पाण्याचं वाटप १९७९ साली लवादाने केलं. वापरता येण्याजोगं पाणी २ कोटी ८० लाख एकर-फूट धरलं गेलं (एकरभर जमिनीवर फूटभर उभं राहील एवढं पाणी म्हणजे एक एकर-फूट). मध्य प्रदेशला १ कोटी साडेब्याऐंशी लाख, गुजरातला ९० लाख, राजस्थानला ५ लाख आणि महाराष्ट्राला अडीच लाख एकर-फूट. बेरीज करून पाहा, पुरे २ कोटी ८० लाख होतात. म्हणजे वाटपात चार राज्यं होती, खाडीचा हिस्सा नव्हता. सरदार सरोवर धरणाखाली नदीत सोडायला ६०० क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ घनमीटर, एवढा किमान प्रवाह ठरला. नर्मदेसारख्या १,३१२ किलोमीटरच्या नदीच्या मुखाशी, दहा मीटरच्या भरतीसमोर, तो फार तोकडा आहे. कच्छ-सौराष्ट्रातल्या घरांत या धरणाचं पाणी पोचलं, त्या माणसांचे हाल कमी झाले, हे मी विसरत नाही. पण ‘धरण नसतं तर पाणी समुद्रात वाया गेलं असतं’ हे वाक्य आपण सहज बोलतो, ते शास्त्राला धरून नाही. समुद्राला मिळणारं पाणी त्या वेळी खारेपणाला मागे रेटत असतं, गाळ नेत असतं, माशांना वाट दाखवत असतं.

हिल्सा हे त्याचं जिवंत उदाहरण. समुद्रात वाढणारा हा मासा पावसाळ्यात पुराच्या गोड्या पाण्याची चाहूल लागली की नर्मदेत शिरतो आणि अंडी घालायला वर चढतो. नर्मदेच्या खाडीवरच्या भाडभूत गावचे मच्छीमार त्याला चाकसी म्हणतात; त्यांचं वर्षाचं गणित या दोन-तीन महिन्यांवर चालायचं. पूर उशिरा आला किंवा मंद आला, तर मासा शिरतच नाही. आता भाडभूतजवळच ९० दरवाजांचा लांबलचक बॅरेज बांधला जात आहे. तो खारं पाणी अडवेल, वर गोडं पाणी साठवेल, आणि खारावलेल्या गावांना ते हवंच आहे. मात्र खाडी जगते ती गोड्याखाऱ्याच्या मिसळण्यावर, आणि दरवाजा नेमकं तेच थांबवतो. दरवाजे केव्हा उघडायचे हे ठरवताना मच्छीमारांचं ऐकलं गेलं पाहिजे.

शेतकऱ्यांनी या खारेपणाशी जमवून घेतलं होतं. आमच्याकडे बडोद्याच्या दांडिया बाजारात वर्षाचे गहू भरताना, एरंडेल चोळून कोठीत ठेवताना, लाडवासाठी म्हणून थोडा भालिया गहू वेगळा काढतात. तो महीपलीकडच्या भाल प्रदेशातला, २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालेला. भालमध्ये जमिनीखालचं पाणी खारं, म्हणून हा गहू सिंचनाशिवाय, पावसाळ्यानंतर काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवर येतो. भरुचच्या किनाऱ्याकडे देशी कापूसही असाच खोल मुळांच्या जोरावर कोरडवाहू तग धरतो. अशा जमिनीला कालव्याचं पाणी मुबलक देणं धोक्याचं ठरू शकतं. निचरा नसेल तर भूजल वर येतं, केशाकर्षणाने, म्हणजे मातीच्या बारीक छिद्रांतून, क्षार पृष्ठभागापर्यंत चढतात आणि शेतावर पांढरा थर बसतो. पाणी आटलं तरी खार, जास्त झालं तरी खार.

किनाऱ्यावर तिवराची झाडं आहेत, गुजरातीत चेर. कांदळवनाच्या क्षेत्रात गुजरात पश्चिम बंगालनंतर देशात दुसऱ्या क्रमांकावर आहे. तिवर पानांवरच्या ग्रंथींतून मीठ बाहेर टाकतं, चिखलातून वर काढलेल्या मुळांनी श्वास घेतं आणि गाळ धरून किनारा सांभाळतं. आलियाबेटाचे पशुपालक ज्या खाराई उंटांसाठी ओळखले जातात, ते पोहत जाऊन हेच खातात. पण तिवरालाही गोड्या पाण्याची मिसळ लागते. खारेपणा फार वाढला की झाडं खुजी राहतात.

या सगळ्यात बडोद्याचा वाटा मोठा आहे. महीच्या पात्रातल्या फाजलपूर, रायकाच्या फ्रेंच विहिरींतून, म्हणजे नदीच्या वाळूतून झिरपलेलं पाणी गोळा करणाऱ्या मोठ्या विहिरींतून, आपण पिण्याचं पाणी उचलतो. आणि शहराच्या उत्तरेकडच्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी १९८३ पासून सुमारे ५५ किलोमीटरच्या कालव्यातून सारोदजवळ महीच्याच खाडीत सोडतो. महीवर वरच्या बाजूला कडाणा धरण आणि वणाकबोरीचा बंधारा आहे. नदीचा रेटा कमी असेल तेव्हा खाडीत सोडलेलं पाणी चटकन बाहेर पडत नाही. ओहोटीला थोडं खाली जातं, भरतीला पुन्हा मागे येतं. म्हणून सांडपाण्याची मर्यादा ठरवताना ते सोडताना किती स्वच्छ आहे एवढंच पाहून भागत नाही. त्या महिन्यात नदी किती वाहते आहे हेही पाहावं लागतं. मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये एकच नियम लावणं मला चुकीचं वाटतं.

पावसाळ्यात आपली वृत्तपत्रं रोज आजवा सरोवराची आणि सरदार सरोवराची पातळी छापतात, आणि आपण सकाळी चहाबरोबर ती वाचतो. त्याच चौकटीत उन्हाळ्यात आणखी दोन आकडे हवेत: भरुचला नर्मदेचा आणि डबका गावाजवळ महीचा, लिटरमागे किती ग्रॅम क्षार. मोजायला उपकरण साधं लागतं, आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा भूगर्भशास्त्र विभाग व केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेचं केंद्र, दोन्ही आपल्या शहरातच आहेत.