पेटंट ‘प्रकाशित’ आणि पेटंट ‘मंजूर’

जळगाव-भुसावळकडे प्राध्यापकांच्या अभिनंदनाचे फलक लागतात. ‘पेटंट मिळाले’ असं ठळक छापलेलं असतं, आणि खालचा कागद नीट पाहिला तर कधी कधी तो नुसता अर्ज प्रकाशित झाल्याचा निघतो.

आमच्या केळीवाल्याला हा फरक लगेच कळेल. बाग निसवली, म्हणजे घड बाहेर पडले, म्हणून कुणी माल विकल्याचा हिशेब मांडत नाही. भारतात अर्ज १८ महिन्यांनी आपोआप प्रकाशित होतो. घाई असेल तर जादा फी आणि फॉर्म ९ भरून महिनाभरातही. तोवर शोध खरंच नवा आहे का, हे कुणी तपासलेलं नसतं. तपासणीची मागणी वेगळी करावी लागते. मग परीक्षकाचे आक्षेप, त्यांना उत्तरं, कधी सुनावणी. यातून तरलं तर पेटंट. नुसत्या प्रकाशित अर्जावर कुणाला कोर्टात खेचता येत नाही. (भरिताच्या वांग्याला मिळालं ते यातलं काहीच नाही, ते भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालाची ओळख.)

एखाद्या संशोधकाच्या पेटंटांची यादी मोजतानाही हाच घोळ होतो. अमेरिकेचा डीन केमन घ्या. सत्तरच्या दशकात त्यानं अंगावर बाळगायचा औषधाचा पंप केला, पुढे जिने चढणारी आयबॉट व्हीलचेअर, आणि २००१मध्ये सेगवे, म्हणजे उभ्यानं चालवायची दोन चाकी गाडी. व्हीलचेअर दोन चाकांवर तोल धरते ती जायरोस्कोप (कल ओळखणारं उपकरण) आणि मोटरांच्या जोरावर. तीच युक्ती सेगवेत. दवाखाना आणि रस्ता एकाच माणसाच्या खात्यात! अशा यादीत अमेरिकी पेटंटच्या नंबराच्या शेपटीकडे बघायचं. ए१ म्हणजे प्रकाशित अर्ज, बी२ म्हणजे आधी प्रकाशित होऊन मग मंजूर झालेलं. शोध एक, नोंदी दोन. दोन्ही मोजल्या की आकडा फुगतो.

भारतात दवाखाना आणि रस्ता या दोन क्षेत्रांना अडथळेही वेगवेगळे. १९७०च्या पेटंट कायद्यातल्या कलम ३नुसार उपचाराच्या पद्धतीला पेटंट नाही, पण पंपाला मिळू शकतं. तोल सांभाळायचं नुसतं गणित किंवा अल्गोरिदम चालत नाही. सेन्सर, मोटर, ब्रेक यांसकट यंत्रणा मांडली तर विचार होतो. म्हणून अर्ज प्रकाशित झालेला पाहून पुढचं गृहीत धरू नये.

फलकावर अर्जक्रमांक असेल तर आयपी इंडियाच्या, म्हणजे भारताच्या पेटंट कार्यालयाच्या, संकेतस्थळावर टाकून बघा. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, पण तिसऱ्या वर्षापासूनची फी थकली तर मंजूर झालेलंही गळून पडतं, आणि तेही तिथेच दिसतं.