फॉर्मवर खूण करा, शर्यतीची गाडी घेऊन जा: कॉर्व्हेटच्या पहिल्या पंधरा वर्षांची पार्श्वभूमी

कॉर्व्हेट ही अमेरिकेतल्या शेव्हरोले कंपनीची स्पोर्ट्स गाडी. तिच्या जुन्या मालकांच्या गप्पांत रंग आणि वेग नंतर येतात, आधी आकडे येतात. ६८४, ५७९-ई, झेड-०६, एल-८८. शेव्हरोलेच्या ऑर्डर फॉर्मवरचे हे पर्यायांचे क्रमांक. डीलरकडे फॉर्म भरताना योग्य ठिकाणी खूण केली की कारखान्यातून शर्यतीला जवळजवळ तयार गाडी यायची, आणि तीच गाडी नंबरप्लेट लावून रस्त्यावरही चालवता यायची. कंपनीने शर्यतीचा संघ उभा न करता शर्यत अशी फॉर्मवर का आणली, त्याचं उत्तर १९५७ सालात आहे. पण बी त्याआधीच पडलं होतं.

पहिली कॉर्व्हेट शर्यतीची गाडी नव्हतीच. जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्स (जीएम) हिच्या मोटोरामा प्रदर्शनात ती मांडली गेली. ३० जूनला मिशिगनमधल्या फ्लिंट इथे उत्पादन सुरू झालं आणि त्या वर्षी ३०० गाड्या बाहेर पडल्या, सगळ्या पांढऱ्या, आतून लाल. बॉडी फायबरग्लासची, पण इंजिन शेव्हरोलेच्या साध्या गाड्यांमधलंच, २३५ घनइंचांचं सहा सिलिंडरचं, तीन कार्बोरेटर लावून १५० अश्वशक्तीपर्यंत ताणलेलं. त्यामागे दोन गिअरांचा पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक! जग्वार आणि एमजी चालवणाऱ्यांनी नाकं मुरडली नसती तरच नवल. १९५४ मध्ये सेंट लुईसच्या कारखान्यात ३,६४० गाड्या झाल्या आणि त्यातल्या बऱ्याच वर्षअखेरीला डीलरांकडे पडून होत्या. १९५५ मध्ये उत्पादन ७०० वर आलं. गाडी बंद व्हायचीच वेळ होती, पण त्याच वर्षी २६५ घनइंचांचं, म्हणजे ४.३ लिटरचं व्ही-८ इंजिन आलं आणि ती वाचली.

झोरा आर्कस-डंटॉव्ह हा ब्रसेल्समध्ये रशियन आईवडिलांच्या पोटी जन्मलेला इंजिनिअर मोटोरामातली गाडी पाहून जीएममध्ये दाखल झाला होता. डिसेंबर १९५३ मध्ये त्याने वरिष्ठांना एक टिपण पाठवलं. मुद्दा साधा होता. जुन्या गाड्यांची ताकद वाढवून त्या पळवणारी तरुण पोरं फोर्डवर वाढली आहेत, कारण फोर्डचे शर्यतीचे भाग सहज मिळतात. शेव्हरोलेला त्यांच्यात जागा हवी असेल तर कॅमशाफ्ट, वाल्व्ह, स्प्रिंगा, पिस्टन हे सगळं कंपनीनेच तयार करून विकावं. पुढची पंधरा वर्षं कॉर्व्हेटचा जो पर्यायांचा तक्ता वाढत गेला, तो या टिपणातच दिसतो.

दुसरं कारण नियमांचं. अमेरिकेतल्या हौशी शर्यती स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजे एससीसीए चालवत असे. तिच्या 'प्रॉडक्शन' वर्गात गाडी कारखान्यातून येते तशीच उतरवायची असे. मोठे ब्रेक हवे असतील तर ते कंपनीच्या यादीत हवेत; गॅरेजात बनवून लावले तर गाडी बाद. वॉशिंग्टनचा दंतवैद्य डिक थॉम्पसन १९५६ मध्ये याच क्लबच्या सी-प्रॉडक्शन वर्गात कॉर्व्हेट घेऊन अजिंक्य ठरला, तेव्हा कंपनीच्या लक्षात आलं की यादीत एक ओळ वाढवली की मैदानावर एक भाग वैध होतो.

मार्च १९५७ मध्ये सेब्रिंगच्या १२ तासांच्या शर्यतीत कंपनीने खास बनवलेली मॅग्नेशियम बॉडीची एसएस २३ फेऱ्यांत बाद झाली. तिथेच थॉम्पसन आणि गॅस्टन आंद्रे यांची प्रॉडक्शन गाडी एकूण बारावी आली आणि जीटी, म्हणजे रस्त्यावर चालणाऱ्या स्पोर्ट्स गाड्यांचा वर्ग जिंकली. जूनमध्ये अमेरिकन मोटार उत्पादकांच्या संघटनेने ठराव केला की सभासद कंपन्या शर्यतीत भाग घेणार नाहीत आणि शर्यतीतल्या यशाची जाहिरातही करणार नाहीत. १९५५ च्या फ्रान्समधल्या ल मान्स शर्यतीतल्या भीषण अपघातानंतरचं दडपण त्यामागे होतं. संघ गेला, यादी राहिली.

आता ६८४ कडे. १९५७ च्या कॉर्व्हेटची मूळ किंमत ३,१७६ डॉलर, आणि एकट्या या पर्यायाचे ७८० डॉलर. म्हणजे गाडीच्या जवळजवळ चौथाई किमतीत मिळायचं काय? कडक स्प्रिंगा आणि जाड शॉक अ‍ॅब्सॉर्बर, चलाख स्टिअरिंग (गुणोत्तर २१ वरून १६.३ वर), गार राहण्यासाठी बाहेरून उभ्या पट्ट्या ओतलेले ब्रेक ड्रम, सिरॅमिक-धातूचे लायनर, जाळी लावलेल्या हवेशीर बॅकिंग प्लेट आणि ड्रमकडे हवा वळवणारे रबरी पडदे, ज्यांना मालक 'हत्तीचे कान' म्हणतात. मागच्या चाकांसाठी रेडिएटरजवळून निघालेला वारा दाराखालच्या पोकळीतून नळीने नेलेला होता. एवढा खटाटोप कशासाठी, हे ड्रम ब्रेकवर जोरात चालवलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून दूर जातो, पेडल खाली जातं. वर लायनरचा घर्षणांकही उतरतो. सिरॅमिक-धातूच्या लायनरने हे लांबवलं, पण किंमत वसूल केली. थंड असताना ते जवळजवळ पकडतच नाहीत. सकाळी पहिल्या सिग्नलला गाडी एका बाजूला ओढते, करकरते, आणि ड्रम भराभर झिजवते. म्हणूनच १९५७ मध्ये ६,३३९ गाड्यांपैकी फक्त ५१ जणांनी तो घेतला.

त्याचा जोडीदार ५७९-ई. रॉचेस्टर रॅमजेट फ्युएल इंजेक्शन, २८३ घनइंचांत २८३ अश्वशक्ती, शिवाय गार हवा थेट बाहेरून ओढणारी पेटी आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवलेला टॅकोमीटर. अशा ४३ गाड्या झाल्या. रॅमजेटमध्ये आजच्यासारखे इलेक्ट्रॉनिक इंजेक्टर नाहीत. आठ नोझलमधून पेट्रोल सतत वाहतं. हवेच्या ओढीनुसार एक डायफ्रॅम झडप हलवतो आणि जास्तीचं पेट्रोल परत भांड्यात सोडतो. दाब देणारा छोटा गिअर पंप डिस्ट्रिब्युटरकडून येणाऱ्या वायरदोरीच्या शाफ्टवर फिरतो. तो शाफ्ट तुटला की इंजिन जागच्या जागी बंद. नोझलचं भोक इतकं बारीक की बुडाशी साठलेला कचरा एका सिलिंडरला उपाशी ठेवायला पुरतो. डायफ्रॅमला चीर गेली की मिश्रणाचा हिशेबच चुकतो. आणि गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी सुरू करायला गेलं तर नळ्यांत पेट्रोलची वाफ झालेली असते. आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने हे दुखणं वाढलं आहे. त्या काळच्या मेकॅनिकांनी सरळ रॅमजेट काढून चार नळ्यांचा कार्बोरेटर बसवला. काढलेली युनिटं रॅकवर किंवा भंगारात गेली. आज ती मिळवण्यासाठी लोक काय किंमत मोजतात ते पाहिलं की हसावं की रडावं कळत नाही.

रॅमजेट मात्र नुसतं नखऱ्याचं नव्हतं. १९६० मध्ये ब्रिग्ज कनिंगहॅमने तीन इंजेक्शनवाल्या कॉर्व्हेट ल मान्सला नेल्या. जॉन फिच आणि बॉब ग्रॉसमन यांची गाडी एकूण आठवी आली, पाच लिटरचा जीटी वर्ग जिंकली. शेवटच्या तासांत इंजिन तापू लागलं. ठरावीक फेऱ्या होईपर्यंत पाणी भरायला नियमाने मनाई होती, म्हणून प्रत्येक थांब्यावर इंजिनावर बर्फ रचून गाडी शेवटच्या झेंड्यापर्यंत रखडत का होईना नेली.

१९६३ ची स्टिंग रे आली तेव्हा मागचा अखंड अ‍ॅक्सल गेला. चाकं स्वतंत्र झाली, एक आडवी पाट्यांची स्प्रिंग दोन्ही बाजू पेलू लागली. झेड-०६ हा त्या वर्षीचा शर्यतीचा गठ्ठा: सुरुवातीची किंमत १,८१८ डॉलर, ३६० अश्वशक्तीचं इंजेक्शन इंजिन, धातूचे लायनर, आणि सुरुवातीला साडेछत्तीस गॅलनची, म्हणजे सुमारे १३८ लिटरची टाकी. अशा १९९ गाड्या झाल्या. गठ्ठ्यातली नॉक-ऑफ, म्हणजे मधल्या एकाच मोठ्या नटने बसणारी अ‍ॅल्युमिनियम चाकं ओतकामातल्या छिद्रांमुळे हवा धरत नव्हती. १३ ऑक्टोबर १९६२ ला रिव्हरसाइडच्या तीन तासांच्या शर्यतीत डग हूपरने झेड-०६ पहिली आणली खरी, पण त्याच दिवशी कॅरॉल शेल्बीची कोब्रा पहिल्यांदा उतरली आणि मागचा अ‍ॅक्सल तुटेपर्यंत पुढे होती. कोब्रा जवळपास साडेचारशे किलोंनी हलकी. पुढची काही वर्षं ए-प्रॉडक्शनमध्ये कॉर्व्हेटवाल्यांना तिची पाठच पाहावी लागली. डंटॉव्हचं उत्तर होतं ग्रँड स्पोर्ट. ठरल्या १२५, वरिष्ठांनी शर्यतबंदी पुन्हा कडक केल्यावर झाल्या पाच.

१९६५ मध्ये चारही चाकांना डिस्क ब्रेक आले: पावणेबारा इंचांची चकती, चकतीला चिमट्यासारख्या धरणाऱ्या प्रत्येक कॅलिपरमध्ये चार पिस्टन. शर्यतीत ते बहारदार चालले. घरी उभ्या गाडीत मात्र त्यांनी मालकांना रडवलं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, पाणी बिडाच्या बोअरमध्ये खाली बसतं, गंजाचे खड्डे पडतात आणि सील गळू लागतं. पहिली खूण म्हणजे टायरच्या आतल्या बाजूला ओला ओघळ.

दुसरा दोष जास्त फसवा. कारखान्यात चकती हबला रिव्हेट मारून मग एकत्र लेथवर घेतली जायची. पुढे कोणी रिव्हेट काढून चकती उचलली आणि दुसऱ्या कोनात ठेवली की ती डोलते. डोल पाच थाऊच्या, म्हणजे इंचाच्या पाच हजारांशांच्या वर गेला की प्रत्येक फेऱ्यात पिस्टन आतबाहेर होतो आणि ओठाचं सील बाहेरची हवा आत घेतं, ऑइल मात्र बाहेर सोडत नाही. गळती कुठेच नाही, पण पेडल स्पंजासारखं! लोक मास्टर सिलिंडर बदलतात, हवा काढतात, आठवड्यात पुन्हा तेच. आधी डायल गेज लावून बेअरिंगची ढिलाई आणि चकतीचा डोल मोजावा, शिम, म्हणजे पातळ पत्री घालून तो सरळ करावा, मग कॅलिपरला हात लावावा. चकती काढण्याआधी हबवर खूण करणं विसरू नये. स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवलेले कॅलिपर हा गंजावर कायमचा उपाय. हवा काढताना मागच्या कॅलिपरला प्रत्येकी दोन ब्लीडर, म्हणजे हवा सोडायचे स्क्रू आहेत हे लक्षात ठेवावं. बाहेरच्या बाजूचा ब्लीडर चाक काढल्याशिवाय हाती लागत नाही, म्हणून तोच राहून जातो.

मागच्या चाकांचा टो, म्हणजे वरून पाहता चाक किती आत किंवा बाहेर वळलेलं आहे ते, चाक धरणाऱ्या ट्रेलिंग आर्मच्या पुढच्या टोकाला शिम घालून बसवतात. ते शिम आणि बोल्ट गंजून एकजीव झालेले असतात. बहुतेक वेळा बोल्ट कापूनच काढावा लागतो.

या परंपरेचा कळस म्हणजे १९६७ ची एल-८८: ४२७ घनइंच, १२.५ चं कॉम्प्रेशन, १०३ ऑक्टेनचं पेट्रोल. हीटर नाही, रेडिओ नाही, चोक नाही. कागदावर ४३० अश्वशक्ती, खरी पाचशेच्या वर. शेजारच्याच पर्यायावर ४३५ लिहिलं होतं ते मुद्दाम, म्हणजे दिखाऊ गिऱ्हाईक तिकडे वळेल. त्या वर्षी २० विकल्या गेल्या. ल मान्सला बॉब बॉन्ड्युरंट आणि डिक गुल्डस्ट्रँड यांच्या एल-८८ ने लांब सरळ पट्ट्यावर ताशी १७१ मैल गाठले. वर्गात ती पुढे होती, पण निम्म्या शर्यतीआधीच इंजिन गेलं.

शर्यतीत इंजिनं फुटतातच, आणि आज गाडी घेणाऱ्याची पंचाईत तिथूनच सुरू होते. उजव्या हेडच्या पुढे ब्लॉकवर छोटी सपाट जागा असते. तिच्यावर कारखान्याचं अक्षर, तारीख आणि इंजिनाचा प्रकार ठोकलेला असतो. ५७९-ई असेल तर शेवटी ईएन. १९६० पासून गाडीचा अनुक्रमांकही तिथे येतो, म्हणजे १९५७ च्या गाडीत ब्लॉक मूळचाच आहे हे आकड्यांवरून सिद्ध होत नाही, तारीख जुळते एवढंच म्हणता येतं. डीलरकडून आणलेल्या बदली ब्लॉकवर ही जागा कोरी असायची. हेड बसवण्याआधी ब्लॉकचा माथा घासला असेल तर मूळ ठसेही गेलेले असतात. कोणी नंतर अक्षरं ठोकली असतील तर भिंगाखाली पाहावं: मूळ जागेवर यंत्राच्या बारीक रेघा ब्लॉकच्या लांबीच्या दिशेने जातात, पॉलिश पेपरच्या आडव्यातिडव्या. १९६७ पासून पर्यायांची यादी असलेला कागद टाकीवर चिकटवलेला सापडतो. त्याआधीच्या गाडीसाठी एससीसीएचं लॉगबुक, मैदानावरचे फोटो आणि खालून दिसणारी बॉडी यांवरच भिस्त. रोल बार काढून फ्लोअरची भोकं बुजवली असतील, तर वरून गालिचा कितीही नवा असो, खालच्या बाजूला फायबरग्लासचे ठिगळ टॉर्चच्या तिरप्या उजेडात दिसतात.