कैरो गेनिझा

जुन्या कैरोतील (फुस्तात) बेन एझ्रा सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या) एका बंद कोठडीत शतकानुशतके साठत गेलेला ज्यू समाजाच्या कागदपत्रांचा संग्रह. त्याचा सर्वांत मोठा भाग, सुमारे १,९३,००० तुकडे, इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

देवाचे नाव असलेला कागद फाडायचा किंवा जाळायचा नाही, ही ज्यूंची रीत. आपल्याकडे जीर्ण पोथी नदीत सोडतात, ते ती पुरतात; पुरण्याआधी साठवण्याची जागा म्हणजे गेनिझा. फुस्तातमध्ये कागद वर्षानुवर्षे आत पडतच राहिले आणि इजिप्तच्या कोरड्या हवेने ते जपले. आपल्या जुन्या पत्रांच्या माथ्यावर ‘श्री’ असे, तसे तिथल्या साध्या व्यापारी पत्रातही देवाचे नाव येई. म्हणून धर्मग्रंथांच्या पानांबरोबर लग्नाचे करार, उधारीचे हिशेब, मुलांनी अक्षरे गिरवलेली पानेही आत गेली. कितीतरी पत्रांची भाषा अरबी आणि लिपी हिब्रू आहे.

१८९६ मध्ये अ‍ॅग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या जुळ्या स्कॉटिश बहिणींनी पूर्वेकडच्या प्रवासातून काही जुनी पाने आणली. केंब्रिजचे अध्यापक सॉलोमन शेख्टर यांनी त्यांतले एक पान बेन सिराच्या ग्रंथाच्या, म्हणजे एका प्राचीन ज्यू नीतिग्रंथाच्या, हिब्रू पाठाचे असल्याचे ओळखले. हा पाठ शतकानुशतके हरवलेला मानला जात होता. त्याच हिवाळ्यात शेख्टर कैरोला गेले. खर्च सेंट जॉन्स कॉलेजचे प्रमुख चार्ल्स टेलर यांनी उचलला. कोठडीतल्या धुळीने शेख्टरांच्या प्रकृतीला त्रास झाला. पण सिनेगॉगच्या संमतीने पेट्या भरून कागद आले आणि १८९८ मध्ये ते टेलर-शेख्टर संग्रह म्हणून विद्यापीठाकडे गेले.

सुरुवातीला अभ्यासकांचे लक्ष धर्मग्रंथांकडेच होते. हिशेबाच्या चिठ्ठ्या अनेक दशके बाजूला पडल्या. त्यांचे मोल विसाव्या शतकाच्या मध्यापासून इतिहासकार श. द. गोइटाइन यांनी दाखवले. या संग्रहाची खरी श्रीमंती या चिठ्ठ्यांतच आहे, कारण त्या कुणी इतिहासासाठी लिहिल्या नव्हत्या.

अब्राहम बेन यिजू हा ट्युनिशियातील महदियाचा व्यापारी अशाच कागदांतून भेटतो. तो ११३२ ते ११४९ या काळात बहुतेक मंगळूरच्या बाजूला राहिला आणि पितळ-काशाच्या भांड्यांचा कारखाना चालवत होता. येमेनमधील एडन बंदरातले मित्र त्याच्याकडे जुन्या भांड्यांची मोड पाठवत आणि त्यातून कोणती नवी भांडी घडवायची ते कळवत. हिंदुस्थानात कागद मिळणे कठीण, म्हणून तोही तेच धाडत. बेन यिजू आलेल्या पत्रांच्या मोकळ्या जागेत आपली टिपणे लिही. एकाच पानावर दोन माणसांची हस्ताक्षरे सापडतात ती यामुळे. १७ ऑक्टोबर ११३२ रोजी मंगळुरात त्याने आशू नावाच्या दासीला मुक्त केले. तीच त्याच्या मुलांची आई असे अभ्यासक मानतात. तिच्या मुक्तीचा दस्त आज केंब्रिजमध्ये नाही, सेंट पीटर्सबर्गमध्ये आहे. एकाच घरातले कागद असे देशोदेशी विखुरल्यामुळे जुळवाजुळवीचे काम फार चिकाटीचे होऊन बसते.

शिलाहारांच्या काळातले ठाणेही या कागदांत आहे. महरूझ नावाचा एडनचा जहाजमालक आपल्या सोयऱ्याला, कैरोच्या अबू झिक्री या व्यापाऱ्याला लिहितो, की ठाण्याहून मंगळुरास आलेल्या होड्यांतल्या लोकांकडून तुमचे जहाज चाच्यांनी धरल्याचे कळले. जीव वाचला याबद्दल तो देवाचे आभार मानतो. पैशांची गरज असेल तर माझ्या खात्यावर टिंबूकडून घ्या, तो ठाण्यात आहे, आमची भावाभावांसारखी मैत्री आहे, असेही कळवतो. टिंबू नावावरून हिंदी असावा. पत्रात त्याला ‘नाखुदा’, म्हणजे जहाजाचा मालक किंवा कप्तान, म्हटले आहे. कोकणातल्या ‘नाखवा’चे मूळ तेच.