माणूस बंड कधी करतो?

अन्यायाचा घडा भरला की माणूस पेटून उठतो, असे आपण सहज म्हणून जातो. हे खरे असते तर जगातली बहुतेक बंडे सर्वांत जास्त पिचलेल्या माणसांनी केली असती. इतिहासात तसे दिसत नाही. गुलामगिरीत आणि वेठबिगारीत पिढ्यान्‌पिढ्या राबलेली माणसे बहुतेक काळ निमूट सोसत राहिली. उलट ठिणगी कित्येकदा तिथे पडली, जिथे हाल जरा कमी होऊ लागले होते.

हे कोडे फ्रेंच विचारवंत अलेक्सी द तोकव्हील याने १८५६ मध्येच हेरले होते. राज्यक्रांतीच्या आधीची काही दशके फ्रान्सची भरभराट होत होती, आणि जिथे सुधारणा अधिक झाल्या होत्या त्याच भागांत असंतोष अधिक धुमसत होता. त्याने काढलेला अर्थ असा की जाच अटळ वाटतो तोवर माणूस तो सहन करतो. त्यातून सुटता येईल हे एकदा मनात आले की तोच जाच घडीभरही सोसवत नाही. पुढे १९६२ मध्ये जेम्स डेव्हिस या अमेरिकी अभ्यासकाने यात भर घातली. बराच काळ दिवस सुधारत जावेत, माणसांच्या अपेक्षा वाढाव्यात आणि मग अचानक घसरण व्हावी, हा काळ सत्तेसाठी सर्वांत धोक्याचा असतो, असे त्याने मांडले.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांची मोठी पाहणी झाली. समाजशास्त्रज्ञ सॅम्युएल स्टाउफर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिचे निष्कर्ष १९४९ मध्ये प्रसिद्ध केले. लष्करी पोलिसांत बढत्या फार कमी मिळत, हवाई दलात त्या भराभर मिळत. तरीही बढतीबद्दल जास्त तक्रारी हवाई दलातल्या सैनिकांच्या होत्या! त्यांच्या शेजारचा कोणीतरी सतत वर चढताना दिसत होता. लष्करी पोलिसांत जवळपास सगळेच जागच्या जागी होते, त्यामुळे आपल्यावर अन्याय होतो आहे असे त्यांना तितकेसे वाटत नव्हते. हालांचे मोजमाप माणूस एकट्याने करतच नाही, शेजारच्याकडे पाहून करतो.

माणूस का सोसतो, हा प्रश्न मला बंडाच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर शोधणारा एक प्रयोग १९६७ च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात झाला. मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर तेव्हा तिथे विद्यार्थी होते. प्रयोग क्रूर होता, ही गोष्ट झाकून ठेवू नये. कुत्र्यांच्या एका गटाला विजेचे झटके दिले जात, पण डोक्याने एक फळी दाबली की झटका थांबे. दुसऱ्या गटाला अगदी तेवढेच झटके बसत, मात्र त्या कुत्र्यांनी काहीही केले तरी ते थांबत नसत. नंतर या सगळ्यांना मध्ये एक बुटका अडसर असलेल्या पेटीत ठेवले. अडसरावरून उडी मारली की झटक्यातून सुटका होत होती. पहिल्या गटातली कुत्री उडी मारायला लवकरच शिकली. दुसऱ्या गटातली बरीचशी तिथेच बसून राहिली, कण्हत राहिली, झटके खात राहिली. वेदना दोन्ही गटांनी सारखीच भोगली होती. आपल्या करण्याने काही बदलते, हा अनुभव मात्र एकाच गटाला मिळाला होता.

यावरून असे मानले गेले की कुत्री हतबलता ‘शिकली’. ही कल्पना पुढे नैराश्याच्या अभ्यासात खूप गाजली. पण मायर नंतर मेंदूच्या संशोधनाकडे वळला, आणि २०१६ मध्ये त्याने व सेलिग्मनने मिळून आपलाच सिद्धांत उलटा केला. मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांतून त्यांना जे दिसले ते असे: त्रास दीर्घकाळ चालू राहिला की मेंदूच्या देठातला एक छोटा केंद्रक, म्हणजे चेतापेशींचा पुंजका, सेरोटोनिन हे रसायन सोडतो आणि प्राणी गप्प होतो. हे गप्प होणे शिकावे लागत नाही, ते उपजतच असते. शिकावे लागते ते दुसरेच. आपल्या कृतीने त्रास थांबतो हे मेंदूच्या पुढच्या भागाने एकदा टिपले की तो त्या केंद्रकाला आवर घालतो. एवढेच नाही, तर ज्या प्राण्याला आधी असा ताबा अनुभवायला मिळाला आहे तो पुढे खरोखरच हतबल करणाऱ्या परिस्थितीतही सहजासहजी कोसळत नाही.

मला हा शोध फार मोठा वाटतो. सोसणाऱ्या माणसाला आपण भित्रा, लाचार, गुलामी वृत्तीचा ठरवतो. पण तो गप्प बसतो ते त्याच्यात काही बिघडलेले असते म्हणून नव्हे. सस्तन प्राण्याचा मेंदू अशा वेळी मुळात जे करतो तेच त्याचाही मेंदू करत असतो. बंडाला मात्र अनुभवाची पुंजी लागते. कधीतरी, कुठेतरी, अगदी लहानशा गोष्टीत का होईना, ‘मी केले आणि बदलले’ हे घडून गेलेले असावे लागते. उंदरांपासून माणसांच्या समाजापर्यंत थेट उडी मारू नये हे खरे, पण तोकव्हीलचे निरीक्षण आणि मायरचे उंदीर एकाच दिशेला बोट दाखवतात.

दुसरी गरज सोबत्याची. १९५० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅशने रेषांच्या लांबीचे साधे प्रश्न विचारले. खोलीतले बाकीचे सगळे ठरवून चुकीचे उत्तर देत. खरे उत्तर डोळ्यांसमोर असूनही सुमारे तीनचतुर्थांश लोक निदान एकदा तरी गर्दीमागे गेले. पण त्या गर्दीत एकाच माणसाने बरोबर उत्तर दिले की हे वाहवत जाणे जवळजवळ संपत असे. त्या एकाचे उत्तर इतरांपेक्षाही चुकीचे असले तरी वाहवत जाणे बरेच घटे. म्हणजे तो बरोबर असण्याची गरज नव्हती, त्याने वेगळे बोलणे पुरेसे होते.

मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ले मिलग्रॅमचे प्रयोग आज्ञापालनासाठी कुप्रसिद्ध आहेत. समोरच्याला विजेचे वाढते झटके द्या, असे सांगितल्यावर ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या कळीपर्यंत गेले (झटके खरे नव्हते, हे त्यांना माहीत नव्हते). त्याच मालिकेतला दुसरा प्रयोग मात्र फारसा कोणी सांगत नाही. त्यात शेजारी बसलेल्या दोघांनी मध्येच उठून नकार दिला. ते दोघे मिलग्रॅमचेच साथीदार होते. त्यानंतर ४० पैकी फक्त ४ जण शेवटपर्यंत गेले. हा आकडा पहिल्याइतकाच प्रसिद्ध व्हायला हवा होता.

म्हणून दडपशाहीत राहणारा समाज वर्षानुवर्षे शांत दिसतो आणि एका दिवसात उसळतो. प्रत्येकाच्या मनात नकार असतो, पण तो आपल्या एकट्याचाच आहे असे प्रत्येकाला वाटते. २१ डिसेंबर १९८९ रोजी रुमानियाचा हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कू बुखारेस्टमध्ये जमवून आणलेल्या गर्दीपुढे भाषण करत होता. गर्दीतून निषेधाचा गलका उठला आणि तो गोंधळून थांबला. दुसऱ्याच दिवशी त्याला हेलिकॉप्टरने पळ काढावा लागला. त्या २४ तासांत लोकांचे हाल वाढले नव्हते. शेजारच्यालाही हेच वाटते, हे सगळ्यांना एकदम कळले होते.

राहिले ते माणसाचे स्वतःच्या नशिबाशी असलेले भांडण. वेदना, आजार, मरण यांच्याविरुद्ध कोणावर मोर्चा नेणार? तरी माणूस भांडतो, कारण ‘आहे’ याच्या शेजारी ‘असू शकले असते’ हे चित्र त्याचा मेंदू सतत उभे करत असतो. डोळ्यांच्या खोबणींच्या वर असलेल्या मेंदूच्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. जुगारासारख्या खेळात दुसरा पर्याय निवडला असता तर काय मिळाले असते, हे दाखवल्यावर निरोगी माणसे हळहळत. या रुग्णांना हळहळ वाटतच नसे, आणि त्यातून ते पुढच्या वेळी शहाणेही होत नसत. हळहळ ही नुसती कटकट नाही. जे आहे त्यावर समाधान न मानण्याची सुरुवात तिथून होते.

बाळंतपणाच्या कळांचेच पाहा. हजारो वर्षे या कळा बाईच्या जातीला लागलेला भोग मानल्या गेल्या. ऑक्टोबर १८४६ मध्ये बोस्टनमध्ये इथर हुंगवून वेदनेशिवाय शस्त्रक्रिया करून दाखवण्यात आली. काही महिन्यांतच, १८४७ च्या सुरुवातीला, एडिंबरोच्या जेम्स सिम्पसनने प्रसूतीत इथर वापरले आणि त्याच वर्षी क्लोरोफॉर्मही. ईश्वराने नेमून दिलेल्या वेदनेत ढवळाढवळ करू नये, हा आक्षेप येणारच हे ओळखून त्याने वर्षअखेर धार्मिक आक्षेपांना उत्तर देणारी पुस्तिकाच छापली. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने प्रसूतीच्या वेळी डॉ. जॉन स्नोकडून क्लोरोफॉर्म घेतला. कळा पूर्वीच्याच होत्या, पण त्या टाळता येतात हे आता बायकांना कळले होते, आणि त्या तशी मागणी डॉक्टरांकडे करू लागल्या.