विंडोजशेजारी लिनक्स टाकायचंय? आधी जागा अशी करा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. तेव्हापासून दुकानात बरेच जण विचारतात, "भाऊ, टॅली विंडोजवरच पाहिजे, पण बाकीच्या कामाला शेजारी लिनक्स टाकता येईल का?" येतं. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी दुसरी प्रणाली. दोन्ही एकाच डिस्कवर सुखाने नांदतात. अडतं ते जागेपाशी, म्हणून हे पत्रक.

आधी बॅकअप

यात सूट नाही. केळीच्या गाड्यांचे हिशेब, जीएसटीची बिलं, घरच्या लग्नाचे फोटो, सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि त्यातल्या दोन-चार फायली उघडून बघा. जागा सरकताना मध्येच लाइट गेली तर फायली खराब होऊ शकतात, आणि आपल्याकडच्या लाइटीचं वेगळं सांगायला नको. लॅपटॉपला चार्जर लावलेला ठेवा, डेस्कटॉपला यूपीएस हवाच. एप्रिल-मेमध्ये हे काम सकाळीच उरका. भुसावळचा पारा ४५ ला टेकला की जुने लॅपटॉप तापून आपोआप बंद पडतात.

नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर डिस्क बऱ्याचदा आधीच एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. ते कुलूप उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. ती कागदावर उतरवून घ्या, मगच सेटिंग्जमध्ये जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा. ही की हरवली आणि मशीनने ती मागितली, तर तुमचा डेटा आम्हालाही काढून देता येणार नाही.

जागा किती आणि कशी

उबुंटू आणि मिंट हे लिनक्सचेच दोन प्रकार. उबुंटूला किमान २५ जीबी लागतात, लिनक्स मिंटला २०. आम्ही ५० सुचवतो, म्हणजे वर्षभरात पुन्हा तंगी येत नाही. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा, सी ड्राइव्हवर राइट क्लिक, मग श्रिंक व्हॉल्यूम, म्हणजे ड्राइव्ह आकसून लहान करणं. आकडा एमबीत लिहायचा असतो: ५० जीबीसाठी ५१२००.

इथेच बहुतेकांचा हिरमोड होतो. सी मध्ये २०० जीबी रिकामे दिसतात आणि विंडोज म्हणतं, फक्त ८ जीबीच मोकळे करता येतील. मशीन खोटं बोलत नाही. वावराचा बांध आत घ्यायचाय, पण त्याच बाजूला विहीर आहे असं समजा. बाकी वावर कितीही पडीक असलं तरी बांध विहिरीपर्यंतच येणार. डिस्कवरची विहीर म्हणजे हायबरनेशनची फाइल (मशीन झोपवताना चालू काम जपणारी), पेज फाइल (रॅम कमी पडली की वापरायची) आणि रिस्टोअर पॉइंट (विंडोज आधीच्या स्थितीला नेण्यासाठी जपलेली प्रत). विंडोज चालू असताना श्रिंक त्यांना जागचं हलवत नाही. हायबरनेशन, पेज फाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन (रिस्टोअर पॉइंट बनवणारं) तिन्ही बंद करा, मशीन रिस्टार्ट करा, पुन्हा श्रिंक करून बघा. बहुतेक वेळा आकडा चांगलाच वाढतो. काम झालं की पेज फाइल आणि प्रोटेक्शन पुन्हा चालू करा.

हायबरनेशन मात्र बंदच राहू द्या. त्यामुळे मशीन लवकर सुरू करणारं फास्ट स्टार्टअपही बंद होतं, आणि ते बंदच हवं. फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउन केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेलं असतं. अशा ड्राइव्हवर लिनक्समधून काही लिहिलं तर फायलींची नासाडी होते.

मोकळी जागा मोकळीच ठेवा

श्रिंक झाल्यावर काळ्या पट्टीची जागा दिसेल, वर अनअलोकेटेड (कोणत्याच ड्राइव्हला न दिलेली) असं लिहिलेलं. तिच्यावर नवीन ड्राइव्ह करू नका. एका विद्यार्थ्याने हौसेने तिथे ई ड्राइव्ह केला. लिनक्स टाकणाऱ्या इन्स्टॉलरला रिकामी जागा सापडेना, म्हणून त्या विद्यार्थ्याने पुढचा पर्याय निवडला: पूर्ण डिस्क पुसा. प्रोजेक्टसकट सगळं गेलं. त्या पोराचा चेहरा आम्ही विसरलेलो नाही. तुम्ही "विंडोजशेजारी इन्स्टॉल करा" हाच पर्याय घ्या, आणि तो दिसत नसेल तर तिथेच थांबून फोन करा.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तरी बायोसमधलं (मशीन सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधलं) स्टोरेज सेटिंग स्वतःहून बदलू नका. तयारी न करता ते बदललं की विंडोज सुरूच होत नाही. जुन्या एमबीआर पद्धतीने मांडलेल्या डिस्कवर चारच प्रायमरी पार्टिशन, म्हणजे मुख्य भाग, बसतात. ते आधीच भरलेले असतील तर मशीन दुकानात आणा.

लिनक्स वापरून विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. लिनक्स मशीनचं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं आणि विंडोज त्यालाच भारतीय वेळ समजतं. दोन मिनिटांचं काम आहे, आम्ही विनामूल्य करून देतो. येताना चार्जर आणि रिकव्हरी की लिहिलेला कागद बरोबर आणा.