अप्रेंटिस मास्टर

औषधनिर्माणशास्त्राच्या पदविका (डी. फार्म.) विद्यार्थ्याला प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण देणारा नोंदणीकृत फार्मासिस्ट. हा पेशाने शिक्षक नसतो. औषधाचे दुकान किंवा रुग्णालयाचा औषध विभाग सांभाळता सांभाळता तो शिकवतो, आणि सहसा त्याबद्दल काही घेत नाही.

फार्मसी कायदा, १९४८ खाली फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने केलेल्या १९९१ च्या शिक्षण नियमांनुसार हे प्रशिक्षण किमान तीन महिन्यांत ५०० तासांचे असून त्यांतले निदान २५० तास चिठ्ठीवरून औषधे देण्यात गेले पाहिजेत. २०२० च्या नियमांनीही तासांचा हा हिशेब कायम ठेवला. दुकानात एकच फार्मासिस्ट असेल तर दोन विद्यार्थी घेता येतात. पुढे प्रत्येक जादा फार्मासिस्टमागे एक. अट शहाणपणाची आहे: शिकाऊ मुलाच्या हातून निघणारी प्रत्येक स्ट्रिप जाणत्या नजरेखालून गेली पाहिजे.

सुरुवात मांडणीपासून होते. इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्याला टेकवून नाही. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. मग एक्स्पायरी तपासणे, बिले, आणि एच-१ अनुसूचीतल्या, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागणाऱ्या सरकारी यादीतल्या, औषधांची वही. डॉक्टर, रुग्ण, औषध आणि दिलेले प्रमाण अशा नोंदींची ही वही तीन वर्षे जपावी लागते. चिठ्ठीचे अक्षर लावणे मात्र कोणत्याही वर्गात येत नाही. ते काउंटरवर, शेजारी उभे राहूनच येते.

काही ठिकाणी मुलगा दुकानाची पायरीही न चढता प्रशिक्षणाच्या करारपत्रावर सही-शिक्का होतो. यात फसवणूक त्या मुलाची होतेच, त्याहून अधिक त्याच्याकडून पुढे औषध घेणाऱ्यांची होते, कारण त्या कागदाच्या आधारे त्याची राज्य फार्मसी परिषदेकडे फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होते.

चांगल्या अप्रेंटिस मास्टरचे काम मेथोट्रेक्सेटच्या चिठ्ठीवर दिसते. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर रक्तपेशी घटून जिवावर बेतते. मुलगा स्ट्रिप काढून पिशवीत टाकू लागला की मास्टर त्याला थांबवतो आणि विचारतो, "वार कुठला सांगितलास?" वार ठरलेला असेल तर तो पाकिटावर ठळक लिहायला लावतो आणि रुग्णाकडून पुन्हा वदवून घेतो. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' असे स्पष्ट नसेल तर आधी डॉक्टरांना फोन, मग गोळी.