हरवलेल्या मुली आणि काविळीचा विषाणू

अर्थशास्त्रातलं संशोधन सोपं करून सांगणाऱ्या पुस्तकांवर टीका सुरू झाली की ‘फ्रीकॉनॉमिक्स’चं नाव हमखास निघतं. शिकागोचे अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेविट आणि पत्रकार स्टीफन डबनर यांचं हे पुस्तक २००५ साली आलं आणि तुफान खपलं. गर्भपात कायदेशीर झाल्याने अमेरिकेत गुन्हे घटले, या त्यातल्या दाव्यावर रणं माजली. आपल्याला जवळचं प्रकरण मात्र या जोडीने त्याच वर्षी लिहिलेल्या एका लेखातलं आहे.

आशियात १० कोटींहून जास्त स्त्रिया ‘बेपत्ता’ असल्याचं, म्हणजे लोकसंख्येत अपेक्षेपेक्षा तेवढ्या कमी असल्याचं, अमर्त्य सेन यांनी १९९० साली मांडलं होतं. हार्वर्डमध्ये पीएचडी करणाऱ्या एमिली ऑस्टर यांनी त्याचं वेगळंच कारण दिलं: हिपॅटायटिस बी, म्हणजे काविळीचा एक विषाणू. या विषाणूची लागण झालेल्या पालकांना मुलगे जास्त होतात, आणि बेपत्ता स्त्रियांपैकी सुमारे ४५ टक्क्यांचा हिशेब त्यातच लागतो, असा दावा. चीनमध्ये तर ७५ टक्के; भारतात २० टक्क्यांच्याही आत. लेविट-डबनर यांनी आपल्या लेखात हा दावा रहस्यकथेसारखा रंगवून सांगितला.

लोकसंख्याशास्त्रज्ञ मोनिका दास गुप्ता यांनी २००५ सालीच साधी आकडेवारी पुढे ठेवली. पहिल्या बाळंतपणात मुलगे-मुलींचं प्रमाण जवळपास नेहमीसारखंच असतं. मुलगे वाढतात ते आधी मुलगी झालेल्या घरांत. थोरली मुलगी आहे की मुलगा, हे विषाणूला कसं कळणार? गर्भलिंग तपासणीविरुद्ध झगडून १९८८ साली देशातला पहिला कायदा करून घेणाऱ्या महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्यांना यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

२००८ साली तैवानमधल्या सुमारे ३० लाख जन्मांच्या नोंदी तपासल्या गेल्या. आईच्या लागणीचा परिणाम नगण्य निघाला. ऑस्टर यांनी स्वतः चीनमधली माहिती गोळा करून तपासली आणि आपला चीनबद्दलचा निष्कर्ष टिकत नसल्याचं जाहीर केलं. लेविट यांनी त्यांचं कौतुक केलं, आणि ते रास्तच होतं. पण मूळ लेख वाचून थक्क झालेल्यांपैकी किती जणांपर्यंत हे पोचलं असेल?

२०१२ साली अँड्र्यू गेलमन आणि कैसर फंग या संख्याशास्त्रज्ञांनी हेच प्रकरण पुन्हा उकरून काढलं. ओळखीतल्या संशोधकांच्या कामावर लेविट-डबनर पुरेशी शंका घेत नाहीत, हा त्यांचा मुख्य आक्षेप. डबनर यांनी त्यावर लांबलचक, बऱ्यापैकी चिडलेलं उत्तर दिलं.